पावित्र्याला सनद कोणाची?

फाल्गुनाच्या सुमारास वसमत तालुक्यातील शिवारांत हळद शिजू लागली, म्हणजे वाफेबरोबर जो उग्र दरवळ आसमंतात पसरतो, तो कंदातील उडनशील तेलाचा. पिवळा वर्ण देणारे कुरकुमिन मात्र हळकुंडातच राहते. या तेलातील टर्मेरोन आणि तुळशीच्या तेलातील युजेनॉल ही द्रव्ये रसायनशास्त्राने निराळी करून ओळखली आहेत. ती स्निग्ध पदार्थांत सहज मिसळत असल्यामुळे सूक्ष्म जंतूच्या पेशीपटलात शिरतात, ते पटल सैल पडते, आतील क्षार बाहेर झिरपतात आणि जंतूचा अंत होतो.

या ज्ञानाचा हवाला देऊन, हळद व तुळस जंतुनाशक आहेत म्हणूनच पूर्वजांनी त्यांना पवित्र मानले, असे प्रतिपादन पुष्कळ सज्जन श्रद्धेच्या कैवारासाठी करतात. त्यांचा हेतू निर्मळ असला तरी युक्तिवाद घातक आहे. कारण जंतुनाश हेच पावित्र्याचे कारण ठरले, तर कार्बोलिक आम्लाचा अभिषेक अधिक पुण्यप्रद मानावा लागेल. शिवाय प्रयोगशाळेतील काचपात्रात विशिष्ट प्रमाणातील तेलाने जे साधते, ते चिमूटभर भंडाऱ्याने किंवा तीर्थातील एका पानाने साधेलच, अशी हमी विज्ञान देत नाही. ती श्रद्धेने परस्पर देणे हा सत्याचा अपराध होय.

पावित्र्य मग कशात असते, हे वसमतच्याच जिल्ह्यातील एक कथा सांगते. तेथील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मग्राम मानले जाते. औंढ्याच्या नागनाथाच्या देवळामागे जाऊन कीर्तन करणे त्यांना भाग पडले, तेव्हा देवाने देऊळच त्यांच्याकडे फिरवले, अशी परंपरेची कथा आहे. देवाचे सान्निध्य दिशेत किंवा द्रव्यात साठवलेले नसून भक्ताच्या आर्ततेशी बांधलेले आहे, हा तिचा आशय मला निःसंशय वाटतो.

आणि द्रव्याचे म्हणाल, तर हळदीसारखी वनस्पती आपले उडनशील तेल माणसासाठी निर्माण करीत नाही. बुरशी आणि कीटक यांपासून स्वतःचे रक्षण करण्याच्या तिच्या धडपडीचे ते फळ आहे, आणि त्यातून माणसाला औषध लाभावे, हा आपल्यावरील अयाचित उपकार आहे. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकनाची सनद मिळाली, ती व्यापाराला आवश्यकच होती; औषधाला प्रयोगाचा दाखला हवाच; परंतु पूजेला या दोहोंपैकी कशाचीही शिफारस नको. द्रव्याचे गुण निष्ठुर चिकित्सेने तपासावेत आणि ज्या सृष्टीने ते घडवले, तिच्यापुढे निरपेक्ष कृतज्ञतेने नम्र व्हावे: ही दोन्ही कर्तव्ये एकाच मनुष्याची आहेत, आणि एकाने दुसऱ्याची साक्ष काढण्याचे कारण नाही.