वरचें धरण आणि खालचें धरण

ज्याच्या शेतावरून पाट प्रथम जातो त्यानें आपलें रान पुरतें भिजवून उरेल तें खालच्यास सोडावें, कीं दोघांनीं तूट वांटून घ्यावी? हा तंटा बांधावर उठला तर पंच सोडवितात. तोच एका नदीवरील दोन धरणांमध्यें उठला म्हणजे न्याय ठरविण्यापूर्वीं पाणी मोजावें लागतें; आणि पुष्कळसा अन्याय मोजतांनाच होऊन जातो, असें आम्हांस वाटतें.

बुलढाणें जिल्ह्यांत पूर्णा दोन आहेत. उत्तरेकडील तापीस मिळते. तिचें येथें काम नाहीं. दुसरी अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून देऊळगांव राजा तालुक्यांतून वाहते व अखेर गोदावरीस मिळते. हिलाच आपले लोक खडकपूर्णा म्हणतात. हिच्यावर परभणी जिल्ह्यांत येलदरीचें धरण १९६८ सालीं पुरें झालें. त्याच्या खालीं सिद्धेश्वर आहे. पुढें कित्येक वर्षांनीं वरच्या अंगास, देऊळगांव महीजवळ, खडकपूर्णा धरण झालें. त्याच्या जलाशयास संत चोखामेळा सागर असें नांव आहे, कारण चोखोबांचें जन्मस्थान मानलें जाणारें मेहुणा राजा ह्याच तालुक्यांत आहे. ज्या पुरुषास देवळाबाहेर सर्वांच्या मागें उभें राहावें लागलें, त्याचें नांव आधीं पाणी घेणाऱ्या जलाशयास मिळालें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

१९७५ सालच्या महाराष्ट्र व आंध्र प्रदेश ह्यांच्या करारानें सिद्धेश्वरपर्यंतचें पूर्णेचें सर्व पाणी वापरण्याची महाराष्ट्रास मोकळीक मिळाली. ‘सर्व’ ह्या शब्दानें शेजाऱ्याशीं तंटा मिटला. घरांतला मिटला नाहीं.

पाटबंधाऱ्याची योजना आंखतांना शंभरांपैकी ७५ वर्षें जितकें पाणी खात्रीनें येईल तितकेंच हिशेबांत धरण्याची वहिवाट आहे. म्हणजे चारांतून एक वर्ष तुटीचें जाणार, हें आरंभींच कबूल केलेलें असतें. हा कबुलीचा आंकडा कागदावर राहतो. शेतकऱ्याच्या मनांत मात्र कांठोकांठ भरलेलें धरणच असतें. कणगी मोठी विणली म्हणून ज्वारी अधिक पिकत नाहीं. एकाच पावसावर दोन कणग्या विणल्या, तर खालची भरण्याचीं वर्षें कमी होणारच.

येलदरीचा उपयुक्त सांठा सुमारें ८१० दशलक्ष घनमीटर, खडकपूर्णेचा सुमारें ९३. (एक दशलक्ष घनमीटर म्हणजे १०० कोटी लिटर.) महाराष्ट्र जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाच्या २००५ सालच्या कायद्यांत असें तत्त्व आहे कीं, टंचाई सर्वांनीं वांटून घेण्यासाठीं ऑक्टोबरअखेर खोऱ्यांतील सर्व जलाशयांत पाण्याचें शेंकडा प्रमाण जवळजवळ सारखें असावें. समजा, वरचें धरण पूर्ण भरलें व येलदरींत शेंकडा २० च पाणी आलें. दोहोंची बेरीज करून प्रमाण काढलें तर तें शेंकडा २८ येतें. म्हणजे खडकपूर्णेनें २६ ठेवून ६७ सोडावें. देणाराचे तीन हिस्से गेले, आणि घेणाराचे विसाचे अठ्ठावीस झाले. तेही वाटेंत कांहीं मुरलें नाहीं तर!

एवढ्यासाठीं आमचा हरभरा कां वाळवावा, असें वरचे म्हणतील. हें बोलणें केवळ स्वार्थाचें म्हणून उडवून देतां येत नाहीं. परंतु येलदरीच्या कालव्यावर ज्यांनीं आधीं संसार मांडले त्यांनीं काय करावें? आमच्या मतें दोन्हीकडचें पिण्याचें पाणी प्रथम बाजूस काढावें. त्यांत उंचनीच नको. बाकीचें वांटणें तें नदी वाहती असतांना, श्रावण-भाद्रपदांत वांटावें. तेव्हां पात्र भिजलेलें असतें, मुरतें थोडें, आणि वरच्या शेतांत रब्बीचें बीं पडलेलें नसतें. रब्बी पेरून झाल्यावर पाणी मागणें निर्दयपणाचें आहे. आणि रब्बी पेरली, आतां देतां येत नाहीं, हें सांगतां यावें म्हणून घाईनें पेरणें ही चलाखी आहे. दोन्ही प्रकार कार्तिकांतच घडतात.

भाद्रपदांत पाणीवापर संस्थेची बैठक भरेल. तींत आपल्या धरणांत किती पाणी आहे हें सर्वच विचारतील. त्याच दिवशीं येलदरींत किती आहे, हेंही आमच्या वाचकांपैकीं कोणी तरी उभें राहून विचारावें.