वाटेचे मौन

गांधीबागेतील घाऊक कापडबाजारात नेणारा रस्ता कोणत्या दुकानी जावे हे गिऱ्हाइकाला सांगत नाही. रस्त्याच्या या मौनाला नैतिक मूल्य आहे काय, हाच आंतरजालाच्या तटस्थतेविषयीच्या वादाचा गाभा होय. अमेरिकेत तटस्थतेचे नियम २०१७ मध्ये रद्द करण्यात आले. २०२४ मध्ये ते पुन्हा आणले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ते रद्दबातल ठरविले. भारतात फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना निवडक संकेतस्थळे विनामूल्य देऊ करीत होती. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याला थोडे मिळाले तर बिघडले कोठे, हा तिच्या समर्थकांचा युक्तिवाद सहज झटकून टाकण्याजोगा नाही. तथापि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने आशयानुसार भिन्न दर आकारण्यास मनाई केली.

निवड संपादकही करतो. परंतु तिच्याखाली त्याचे नाव असते, आणि वाचक दुसरे नियतकालिक उघडू शकतो. वाहकच निवड करू लागला, की ती निवड म्हणून दिसेनाशी होते. आपण काय वाचले नाही, हे मग वाचकाला कळत नाही. आणि तुलनेवाचून मूल्यविवेक संभवत नाही.

अर्थात, गरिबाला ‘थोडे’ नाकारणाऱ्यावर एक ऋण उरतेच. ग्रामीण ग्राहकांना दरमहा १०० एमबी विदा विनामूल्य द्यावी, या प्राधिकरणाच्या डिसेंबर २०१६ मधील शिफारशीत ते ऋण मान्य झालेले दिसते: द्यावे, पण काय वाचावे हे ठरवू नये. या ऋणाविना तटस्थता हे केवळ सुस्थितांचे तत्त्व ठरेल.