दोन फेऱ्यांमधला वेळ

आधी नुसते उभे राहा. कोकणातल्या सड्यावरचं तांबडं मैदान, त्यावर फक्कीने आखलेली २०० मीटरची फेरी. जांभ्याचे बारीक खडे बुटातूनही तळव्याला लागतात. लागू द्या. उजाडताना वारा अजून जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आहे. हा मतलई वारा. ऊन चढलं की तो पडेल, आणि मग खारा वारा उलट आत येईल. पाठीला गार लागतं आहे तोवर सुरुवात करा.

पहिल्या फेऱ्या सावकाश. इतक्या सावकाश, की पळता पळता पूर्ण वाक्य बोलता यावं. एकटे असलात तरी तोंडाने बोलून पाहा. निघताना घरात कोण जागं होतं, ते सांगा. वाक्य मध्येच तुटलं तर वेग कमी करा. लहान फेरीची वळणं आखूड असतात आणि डावा पाय कायम आत राहतो, म्हणून अर्ध्यात दिशा बदला. ओळखीचं मैदान काही पावलं परकं वाटेल.

आता दोन फेऱ्या जोरात. यात सांगण्यासारखं फार नाही. खांदे वर चढले तर खाली सोडा, मुठी सैल ठेवा, पळा.

थांबलात? बसू नका. चालत राहा. आजच्या मननाचा गाभा इथे आहे.

दोन बोटं मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवा. १० सेकंद ठोके मोजा. कदाचित २८ येतील, कदाचित ३०. आकडा विसरून जा, बोटं तिथेच राहू द्या. आधी ठोके एकमेकांवर आदळत असतात. मग दोन ठोक्यांच्या मध्ये किंचित जागा होते. तुम्ही ती केलेली नाही, आणि घाई करून वाढवताही येणार नाही. श्वास आत येतो, ठोका जरा जवळ सरकतो; श्वास बाहेर जातो, ठोका लांबतो.

१९३० च्या दशकात जर्मनीत प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी या विसाव्यावरच सरावाची सगळी पद्धत उभी केली. ठोके मिनिटाला १२० वर उतरल्याशिवाय पुढची धाव नाही. पाय थांबले तरी हृदय भरभरून रक्त फेकत असतं, आणि त्याच वेळी ते घडतं, असं त्यांचं म्हणणं. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग १९३९ मध्ये मिलानला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावला. तो विक्रम १६ वर्षं टिकला. हृदय घडण्याचं सगळं श्रेय विसाव्याला देता येणार नाही, पण त्याच्याकडे इतकं लक्ष दिलं, यासाठी मला ही दोन माणसं फार मोठी वाटतात.

हौशी धावपटूला हाच वेळ जड जातो. कामावर जायचं असतं, मन पुढच्या फेरीकडे पळतं. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं स्टीपलचेसचं सुवर्ण २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकलं. त्याच्या जगात शतांशालाही किंमत आहे. तुमच्यावर कोणी घड्याळ लावलेलं नाही. ही मोकळीक मोठी आहे. ती या विसाव्यात वापरा.

पुन्हा मोजा. २४. चाला. इथली हवा दमट, घाम अंगावरच राहतो, लवकर वाळत नाही. अंग थंड व्हायला वेळ लागतो आणि ठोकेही रेंगाळत उतरतात. त्याला कमजोरी समजू नका. खाडीपलीकडे तवसाळ गावाच्या बाजूला नजर जाऊ द्या, बोटं मनगटावरच ठेवा. २२. अजून चाला. २० आले की पुढच्या दोन फेऱ्या.

असं किती वेळा, ते आधी ठरवू नका. पाच मिनिटं चालूनही ठोके २० वर येत नसतील, तर झाली ती धाव आजची शेवटची. बूट सैल करा, पाणी प्या, आणि घरी चालतच जा.