आत्मचरित्राचं शेवटचं पान

सकाळी शहापुरातून माहुलीकडे पाहिलं की आधी सुळके उजळतात, खालचं रान मागाहून. १६३६ साली याच गडावर शहाजीराजे मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यात सापडले होते. निजामशाहीच्या गादीवर त्यांनी बसवलेला बालराजा तेव्हा त्यांच्याजवळ होता. अखेर गड द्यावा लागला, मूल मोगलांच्या हवाली झालं आणि राजे आदिलशाहीत गेले. निजामशाही, आदिलशाही, मोगल, सगळ्यांची चाकरी त्यांनी त्याआधीही केली होती. का केली? त्यांची पत्रं आहेत, आत्मचरित्र नाही. त्यामुळे उत्तर बखरकार देतात, नाहीतर शत्रूच्या दरबारातले लेखनिक.

म्हणून सरदार-संस्थानिकांच्या घरातलं कुणी स्वतः बोलायला बसलं की मी कान टवकारतो. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे तशा बोलल्या. १९८५ मध्ये त्यांचं इंग्रजी आत्मचरित्र आलं, 'प्रिन्सेस'. शब्दांकन मनोहर माळगावकरांचं. (गांधीहत्येच्या कटावर पुस्तक लिहिणारे तेच माळगावकर. त्या कटातलं पिस्तूल ग्वाल्हेरात मिळवलेलं होतं, हा योगायोग मला वाचताना सोडत नाही.)

विजयाराजेंचा राजकारणातला प्रवेशच मोठा गमतीचा. नवरा जिवाजीराव यांचा ओढा हिंदू महासभेकडे आहे असा दिल्लीत संशय होता. तो दूर करायला त्या नेहरूंना भेटल्या आणि परतल्या त्या काँग्रेसच्या उमेदवार होऊन. १९५७ मध्ये गुना मतदारसंघातून निवडून आल्या. दहा वर्षांनी त्यांनी काँग्रेस सोडली आणि द्वारकाप्रसाद मिश्रांचं मध्य प्रदेशातलं सरकार पाडण्यात पुढाकार घेतला. मग जनसंघ, आणीबाणीत तिहारचा तुरुंग, १९८० ला रायबरेलीत थेट इंदिरा गांधींशी लढत. हरल्या, पण उभ्या राहिल्या. मुलगा माधवराव त्याच सुमारास काँग्रेसमध्ये गेला. एकाच वाड्यात दोन पक्ष! त्यांची सगळी कारणं मला पटत नाहीत. पण निदान ती त्यांच्या तोंडून ऐकायला मिळतात, हेही थोडं नाही.

राजस्त्रीनं स्वतः मांडलेला हिशेब आपल्या भागाला नवा नाही. मुरबाडहून वैशाखऱ्याकडे जाऊन नाणेघाट चढला की वरच्या लेण्यात नागनिकेचा लेख भिंतीभर कोरलेला दिसतो. महारठीची मुलगी, सातवाहनांची सून, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते पहिल्या सातकर्णीची विधवा. लेखात दोन अश्वमेध आहेत, इतर यज्ञ आहेत, दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी आहेत. आकडे इतके नीट कोरलेले की ब्राह्मी अंकांचा अभ्यास करणाऱ्यांना हा लेख टाळून पुढे जाता येत नाही. मात्र हे धन आलं कुठून, याचा त्यात उल्लेख नाही. त्याच वाटेनं कोकणातला माल डोक्यावर वाहून जुन्नरला नेणारी माणसंही नाहीत. घाटावरचा दगडी रांजण लोक जकातीचा म्हणून दाखवतात. खर्चाची बाजू भिंतीवर, जमेची बाहेर उघड्यावर.

विजयाराजेंच्या पुस्तकात गाळलं काय, यापेक्षा मला ते कधी लिहिलं हे महत्त्वाचं वाटतं. १९८५ नंतर त्या सोळा वर्षं जगल्या. रामजन्मभूमी आंदोलनाच्या पुढच्या फळीत आल्या, ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत होत्या, बाबरी प्रकरणाच्या आरोपपत्रात त्यांचं नाव आलं. आज पुस्तक उघडणारा वाचक हे सगळं डोक्यात घेऊनच बसतो, आणि सांगणाऱ्या बाईला त्यातलं काहीच ठाऊक नसतं. तिच्या प्रत्येक कारणावर पुढच्या घटनांचा शिक्का मारणं अन्यायाचं आहे, हे मला कळतं. तरी नेहरूंच्या भेटीपाशी मी दर वेळी अडखळतो. नवऱ्यावरचा महासभेचा संशय पुसायला दिल्लीला गेलेली ती तरुण राणी तेव्हा मनापासून बोलत होती की घराणं वाचवत होती?