ज्वलनाची उष्णता येते कुठून?

इंधनातले बंध तुटले की त्यात साठलेली ऊर्जा बाहेर पडते, ही समजूत रूढ असली तरी चुकीची आहे. कोणताही रासायनिक बंध तोडायला ऊर्जा खर्चच करावी लागते. ऊर्जा मिळते ती नवे बंध जुळताना. ज्वलनात मिळकत खर्चाहून जास्त असते आणि उरलेली शिल्लक उष्णतेच्या रूपाने बाहेर येते. बंधऊर्जांच्या कोष्टकावरून इंधनाच्या ज्वलनउष्णतेचा अंदाज काढतात तो याच जमाखर्चातून. त्याला आधार आहे हेसने १८४० साली मांडलेल्या नियमाचा: सुरुवातीचे आणि शेवटचे पदार्थ तेच असतील, तर अभिक्रिया कोणत्याही मार्गाने घडली तरी उष्णतेतला एकूण फरक तोच राहतो. त्यामुळे सगळे रेणू आधी सुट्या अणूंमध्ये मोडले आणि मग त्या अणूंचे नवे रेणू झाले, असे कागदावर धरता येते.

मिथेनचा हिशेब सर्वांत सोपा. एक मोल मिथेन जळताना दोन मोल ऑक्सिजन लागतो. एक मोल कार्बन डायऑक्साइड आणि दोन मोल पाण्याची वाफ तयार होते. कार्बन-हायड्रोजन बंधाची सरासरी ऊर्जा मोलमागे ४१३ किलोज्यूल, म्हणून चार बंधांसाठी १६५२. ऑक्सिजनच्या रेणूतला दुहेरी बंध ४९८ चा. दोन रेणूंसाठी ९९६. एकूण खर्च २६४८. जमेच्या बाजूला कार्बन डायऑक्साइडमधले दोन दुहेरी बंध प्रत्येकी ७९९ प्रमाणे १५९८ आणि ऑक्सिजन-हायड्रोजनचे चार बंध प्रत्येकी ४६३ प्रमाणे १८५२, बेरीज ३४५०. शिल्लक ८०२ किलोज्यूल. प्रयोगातून मिळणारा आकडाही जवळजवळ हाच आहे.

मात्र अनेक पुस्तकांत मिथेनसाठी ८९० हा आकडा छापलेला असतो. तोही बरोबर आहे, कारण त्यात पाणी द्रवरूप धरलेले असते. वाफेचे पाणी होताना मोलमागे सुमारे ४४ किलोज्यूल सुटतात आणि दोन मोलांचे ८८ होतात. बंधऊर्जा वायुरूप रेणूंसाठीच दिलेल्या असतात, त्यामुळे तुलना करण्यापूर्वी प्रत्येक पदार्थाची अवस्था पाहणे अनिवार्य आहे.

दुसरी मर्यादा ‘सरासरी’ या शब्दात आहे. एकाच प्रकारच्या बंधाची ताकद रेणूगणिक थोडी बदलते. बेंझीनमध्ये हा फरक ठळक दिसतो. एकाआड एक एकेरी आणि दुहेरी बंध धरून हिशेब केला तर सुमारे ३२७० किलोज्यूल येतात. वायुरूप बेंझीनचा प्रत्यक्ष आकडा ३१७० च्या आसपास आहे. बेंझीनचे इलेक्ट्रॉन सगळ्या कड्यावर पसरलेले असल्याने तो रेणू कागदावरच्या रचनेपेक्षा अधिक स्थिर असतो, म्हणून उष्णता कमी मिळते.

या पद्धतीचे खरे मोल दोन इंधनांची तुलना करताना कळते. एक मोल प्रोपेन ४४ ग्रॅमचा, तर एक मोल इथेनॉल ४६ ग्रॅमचा. वजन जवळपास सारखे. तरीही वायुरूपात प्रोपेन सुमारे २०४४ किलोज्यूल देतो आणि इथेनॉल सुमारे १२७८. इथेनॉलमध्ये ऑक्सिजनचा एक अणू कार्बन आणि हायड्रोजनशी आधीच जोडलेला असतो, म्हणजे जमेतला काही भाग आधीच वसूल झालेला असतो. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत तयार होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते, तेव्हा लिटरमागे ऊर्जा घटते ती मुख्यतः याच कारणाने. निव्वळ इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिश्रणात ही घट सहा-सात टक्क्यांची होते.

प्रोपेनला पाच मोल ऑक्सिजन लागतो, इथेनॉलला तीन. वरची उष्णता त्या संख्येने भागली तर प्रोपेनसाठी ४०९, इथेनॉलसाठी ४२६ आणि मिथेनसाठी ४०१ येतात. इंधने वेगळी असूनही ऑक्सिजनमागची उष्णता जवळपास सारखी राहते, हे थॉर्नटनने १९१७ मध्येच दाखवले होते. आगीच्या चाचण्यांत किती ऑक्सिजन खर्च झाला हे मोजून उष्णता ठरवतात ती याच आधारावर. याचे मूळ ऑक्सिजनच्या रेणूतल्या तुलनेने दुबळ्या दुहेरी बंधात आहे: तो स्वस्तात तुटतो आणि त्याच्या जागी बरेच मजबूत बंध येतात.

म्हणून ज्वलनाची ऊर्जा एकट्या इंधनाच्या नावावर मांडणे योग्य नाही. ती इंधन आणि ऑक्सिजन या जोडीची आहे. रसायनशास्त्राच्या वर्गात उत्तराच्या आकड्याइतकेच महत्त्व या निष्कर्षाला मिळायला हवे.