तुळईतले बिऱ्हाड



फाल्गुन लागला की पाचगणीत दोन कामांची एकदमच लगबग सुरू होते. उन्हाळ्याचा सीझन तोंडावर आलेला असल्यामुळे बंगल्याबंगल्यांतून डागडुजीला आरंभ होतो, रंगारी लांबीचे डबे आणि पॉलिशपेपर घेऊन व्हरांड्यांतून वावरू लागतात. आणि त्याच सुमारास मुले होळीसाठी वाळकी लाकडे गोळा करीत गल्लीगल्लीतून हिंडू लागतात. दोन्ही कामे रीतीचीच आहेत. परंतु या आठवड्यात एका जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यात मी सहज उभा असताना, तुळईच्या खालच्या अंगाला पडलेल्या एका वाटोळ्या भोकात रंगारी लांबी भरण्याच्या बेतात होता, आणि त्या भोकाच्या बरोबर खाली, फरशीवर, पिवळसर भुशाची चिमूटभर ताजी रास पडलेली मला दिसली, तेव्हा मी त्याला घटकाभर थांबण्याची विनंती केली. आज आपल्याशी बोलायचे आहे ते त्या भोकातल्या रहिवाशिणीविषयी.

भुंगा आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. अंगठ्याच्या पेराएवढा, काळाभोर, उन्हात पंखांवर निळी-जांभळी झाक मारणारा आणि आपल्या आगमनाची वर्दी आधी कानाला देणारा. मात्र तुळई कोरणारी असते ती त्याची मादी, आणि ते काम ती एकटीच करते. व्हरांड्यात शांतता असेल तर लाकडाला लागलेल्या तिच्या जबड्यांची बारीक करकर ऐकू येते; थोड्या वेळाने ती पाठमोरी, मागच्या पायांनी भुसा लोटीत भोकाच्या तोंडाशी येते, भुसा खाली सोडते आणि पुन्हा आत दिसेनाशी होते. भोक इतके रेखीव वाटोळे, की करंगळी नेमकी बसावी. आत बोगदा थोडा वर जाऊन लाकडाच्या रेषेबरोबर वळतो, आणि तिथे ओळीने खोल्या पडलेल्या चाळीप्रमाणे तिच्या संततीचे एकेक बिऱ्हाड थाटले जाते. पराग आणि मध एकत्र मळून केलेला एक गोळा, त्यावर घातलेले एकच अंडे, आणि मग भुशाच्या लगद्याची पातळ भिंत, की पुढची खोली. अंडी थोडकीच, परंतु कीटकसृष्टीतील सर्वांत मोठी अंडी याच कुळातली आहेत. पोराला जन्मल्यापासून पंख फुटेपर्यंत जे लागेल त्याची सारी तजवीज अशी आधीच करून ठेवलेली असते.

ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात, अर्जुनाला पडलेल्या मोहाचे वर्णन करताना, कोरडे लाकूड पोखरण्याचे सामर्थ्य असलेला भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो, असा दृष्टांत महाराजांनी दिलेला आहे. वाळके लाकूड कोरणारा भ्रमर मधमाशी असू शकत नाही, तो हाच. सातशे वर्षांपूर्वी ज्याने तो दृष्टांत योजला, त्याने हा जीव लाकडाशी झटताना प्रत्यक्ष पाहिलेला असला पाहिजे, असे मला नेहमी वाटत आलेले आहे.

थंड देशांत या भुंग्याची एक केसाळ बहीण राहते. तिला तिकडे बंबलबी म्हणतात. आपल्याकडे ती हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत आढळते, सह्याद्रीत नाही. हिवाळ्याच्या आधी तिचे सारे कुटुंब मरून जाते, एकटी फळलेली राणी जमिनीत दडून थंडी काढते आणि वसंताच्या पहिल्या उबेला बाहेर पडून, उपाशीपोटी, फुले आणि घरटे यांच्या शोधात हिंडते. त्या दिवसांत ती एक मेली तर तिच्या मागची सारी वसाहत जन्माला येण्यापूर्वीच नाहीशी होते. इंग्लंडात बंबलबीची एक जात १९८८ नंतर कोणाला दिसलीच नाही. अखेर २०१२ मध्ये स्वीडनमधून राण्या आणून त्या तिथल्या दक्षिण किनाऱ्यावर सोडाव्या लागल्या. घरचे घालवून बसल्यावर परमुलखातून आणण्याची ही पाळी आपल्यावर येऊ नये, एवढी बुद्धी आपल्यापाशी खात्रीने आहे.

मधमाशीची बाजू मांडायला आपल्याकडे माणसे आहेत, आणि ते योग्यच आहे. वर महाबळेश्वरात मध संचालनालय आहे, सातेरी मधमाशीच्या पेट्या आहेत, मांघर या गावाला २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून मान मिळाला आहे. भुंग्यापासून मध मिळत नाही, म्हणून त्याचे खाते कोणत्याच दप्तरी उघडलेले नाही. तरीही कृष्णाकाठच्या वांग्यांची ख्याती आपण अभिमानाने सांगतो, तेव्हा वांग्याचे फूल एकदा जवळून पाहावे. त्याचे पराग उघड्यावर नसतात, पिवळ्या नळ्यांच्या टोकांशी असलेल्या बारीक छिद्रांआड ते कोंडलेले असतात. सातेरीला ते झटकून काढता येत नाहीत. भुंग्याची मादी त्या नळ्यांना मिठी मारते, पंख आवरून नुसते उड्डाणाचे स्नायू थरथरवते, तिच्या गुणगुणण्याचा सूर एकाएकी चढतो आणि परागांचा धूर तिच्या पोटावर उडतो. टोमॅटोच्या फुलाचीही तीच तऱ्हा. शनिवारी मारुतीला ज्या रुईची माळ आपण घालतो, त्या रुईचे पराग तर मेणचट पुड्यांत बांधलेले असतात; त्या पुड्या पायांत अडकवून या फुलावरून त्या फुलावर नेणारा मुख्य हरकारा हाच. आणि भीमाशंकरच्या अरण्यातील याच्या एका निशाचर भाईबंदाने तर शास्त्रज्ञांनाही थक्क केले: हेमा सोमनाथन, रेने बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले, की माणसाला जिथे रंग दिसत नाहीत अशा नुसत्या ताऱ्यांच्या उजेडातही तो रंग ओळखतो.

इतके असून भुंग्याची प्रतिमा आपल्याकडे वाईटच. कर्णाची मांडी पोखरणाऱ्या भुंग्याची कथा आपण लहानपणी ऐकलेली असते, आणि तोंडासमोर येऊन हवेत ठाण मांडणारा भुंगा दिसला की हात आपोआप वर्तमानपत्राकडे जातो. तो समोर ठाकणारा बहुधा नर असतो आणि नराला नांगीच नसते. मादीला असते, पण मुठीत दाबल्यावाचून ती सहसा वापरत नाही. बारा-तेराशे मीटर उंचीवरच्या आपल्या या गावात फाल्गुनातल्या सकाळी अजून गारठा असतो, आणि अशा सकाळी एखादी मादी फरशीवर सुस्त पडलेली आढळली तर ती मेली असे समजून केरात लोटली जाते. ती मेलेली नसते. वाळक्या पानावर अलगद घेऊन तिला उन्हात ठेवले, आणि अगदीच क्षीण दिसली तर तोंडाशी साखरेच्या पाण्याचा एक थेंब ठेवला, की तिची सोंड बाहेर येते, पोट भराभर हलू लागते, अंगात ऊब चढते आणि ती सिल्व्हर ओकच्या शेंड्यांकडे निघून जाते. मी हे पुष्कळदा पाहिले आहे आणि दर वेळी मला सारखाच आनंद झालेला आहे.

राहिली घरमालकांची तक्रार, आणि ती मी खोटी म्हणणार नाही. भुंगा वाळवीप्रमाणे लाकूड खात नाही, फक्त कोरतो. परंतु जुनेच बोगदे वर्षानुवर्षे वापरले आणि वाढवले गेले, तर तुळई अशक्त होते. त्यावर लांबीने तोंड बुजवून आतल्यांना कोंडून मारणे हा इलाज नव्हे. तेलरंग दिलेल्या लाकडाच्या वाटेला भुंगा सहसा जात नाही, तेव्हा जी तुळई जपायची तिला भोक पडण्यापूर्वीच रंग द्यावा. आणि जिथे बिऱ्हाड थाटले गेले आहे तिथे नवी पिढी पंख फुटून बाहेर पडेपर्यंत, म्हणजे पाऊस येईतो, दुरुस्तीला मुदत द्यावी. त्या बंगल्याच्या मालकीणबाईंनी माझे म्हणणे ऐकून घेतले, रंगाऱ्याला तेवढा खण सोडून पुढे जायला सांगितले, आणि ‘पाहुणे घाबरले तर त्यांची समजूत तुम्ही येऊन घालायची,’ अशी अट घातली. ती मी मोठ्या आनंदाने मान्य केली.

होळीच्या लाकडांविषयीही एवढेच सांगायचे आहे. पांगारा, सावर यांची मऊ वाळकी खोडे आणि जुने बांबू भुंग्यांना फार प्रिय. मुलांनी आणलेल्या ढिगावर रचण्याआधी एकदा नजर फिरवावी, आणि ज्या ओंडक्याला तसे वाटोळे भोक दिसेल तो बाजूला काढून, परसातल्या कुंपणाला पावसाचे पाणी आत शिरणार नाही अशा बेताने आडवा बांधून ठेवावा. मुलांना कारण सांगितले तर ती असे ओंडके आपण होऊन शोधून काढतात, आणि मोठ्यांपेक्षा अधिक काटेकोरपणे.