उद्यापन नसलेलें व्रत

‘कळतें पण वळत नाहीं’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्यानें आरोग्यशास्त्रांतली सर्वांत मोठी अडचण चार शब्दांत सांगून टाकली. पहाटे उठून फिरावें, मिताहार करावा, वेळेवर निजावें, हें आपणांपैकीं कोणास ठाऊक नाहीं? ज्ञान आणि आचरण यांमधील ही दरी बुजविण्याचें काम अलीकडे मोबाइलनें अंगावर घेतलें आहे. मनगटावरचें घड्याळ पावलें मोजतें, ॲप जेवणाचा हिशेब मागतें, आळस केल्यास आठवण देतें आणि सलग दिवसांची साखळी तुटूं देऊं नका म्हणून विनवितें.

तथापि येथेंहि बहुधा म्हणीचाच जय होतो. अशा कार्यक्रमांत नांव नोंदविणारे पुष्कळ, टिकणारे थोडे. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे कीं, २००५ सालीं गुंथर आयझेनबाख या संशोधकानें त्याला ‘गळतीचा नियम’ असेंच नांव सुचविलें. माणसाला धरून कसें ठेवावें, हा हे कार्यक्रम चालविणारांपुढचा मोठा प्रश्न आहे. माझ्या मतें त्याच्या अगोदर दुसरा प्रश्न विचारला पाहिजे: धरून ठेवावयाचें तें कशासाठीं, आणि कोठवर?

धरून ठेवण्याच्या युक्त्या आपल्या परिचयाच्या आहेत: गुण, पदकें, इतरांशीं चढाओढ. त्यांचा परिणाम मीं एका स्नेह्यांच्या घरीं मुक्कामास असतांना पाहिला. रात्रीं साडेअकराच्या सुमारास ते दिवाणखान्यांत येरझारा घालीत होते. त्यांची वृद्ध आई जवळच बसून आपलें दुखणें सांगत होती आणि त्यांचें लक्ष मनगटाकडे होतें. दहा हजार भरण्यास अजून सहाशें पावलें उणीं होतीं. हा दहा हजारांचा आंकडा कोणा वैद्यानें संशोधनाअंतीं ठरविलेला नव्हे. टोकियोच्या १९६४ च्या ऑलिंपिकनंतर, १९६५ सालीं, जपानांत एक पाऊलमापक यंत्र विक्रीस आलें. त्याच्या ‘मान्पो-केइ’ या नांवाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा होता. पुढें २०१९ सालीं अमेरिकेंत सरासरी ७२ वर्षें वयाच्या १६,००० हून अधिक स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. तींत रोज सुमारें ४,४०० पावलें चालणाऱ्यांचें मृत्युप्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षां बरेंच कमी आढळलें, आणि सुमारें ७,५०० च्या पुढें अधिक घट दिसली नाहीं. आईचें बोलणें ऐकण्यासाठीं आमचे स्नेही थांबले असते, तर त्यांच्या आरोग्याचें फारसें बिघडलें नसतें.

बाह्य आमिषाचा आणखी एक दोष आहे. १९७३ सालीं लेपर, ग्रीन व निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं चित्रें काढण्याची मूळचीच आवड असलेल्या लहान मुलांवर एक प्रयोग केला. चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र देऊं, असें ज्यांना अगोदर सांगितलें होतें, तीं मुलें पुढें आपण होऊन चित्रकलेकडे इतरांपेक्षां कमी वळलीं. जें आनंदानें होत होतें, त्याची मजुरी झाली.

यावर कोणी म्हणेल, ‘कारण कोणतेंहि असो, मनुष्य चालला ना?’ हा युक्तिवाद सहज झटकून टाकण्याजोगा नाहीं. मोबाइलची मदत खरी आहे. दक्षिण भारतांत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ पुरुषांवर झालेला एक प्रयोग २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. सर्वांना आरंभीं सारखाच उपदेश केला होता. निम्म्यांना त्यानंतर आहार-व्यायामाविषयीं मोबाइलवर छोटे संदेश येत राहिले. प्रयोगाच्या अखेरीस संदेश मिळणाऱ्यांपैकीं १८ टक्क्यांना मधुमेह झाला होता, इतरांपैकीं २७ टक्क्यांना. आठवण करून देणारा मित्र हवाच. परंतु आठवण देणें निराळें आणि गुंतवून ठेवणें निराळें.

हा भेद आपल्या घरांतील बायकांना पूर्वींपासून ठाऊक आहे. व्रताला संकल्प असतो, नियम असतात आणि उद्यापनहि असतें. सोळा सोमवारांचें व्रत सतराव्या सोमवारीं संपतें. चातुर्मासाचा नेम कार्तिकांत सुटतो. व्रत संपलें तरी मनाला लागलेलें वळण राहतें, आणि त्यासाठींच तर व्रत असतें. मोबाइलच्या व्रताला मात्र उद्यापन क्वचितच असतें. ज्याचा चरितार्थ आपल्या वर्गणीवर चालतो, त्यानें ‘आतां तुम्हांला माझी गरज उरली नाहीं’ असें कोणत्या दिवशीं म्हणावें? मूल चालूं लागलें कीं आई पांगुळगाडा माळ्यावर टाकते. पांगुळगाडा विकणाऱ्याला तें दुःखाचें वाटेल. पण त्याच्या दुःखावरून मुलाची प्रगति मोजीत नाहींत.

ज्यांना जन्मभर रक्तांतील साखर पाहावी लागते, त्यांची गोष्ट वेगळी; त्यांचें यंत्र हें औषधासारखेंच आहे. बाकीच्यांनीं मात्र वर्षांतून एकदां घड्याळ महिनाभर पेटींत ठेवून पाहावें. पाय सकाळीं आपण होऊन उंबरठ्याबाहेर पडले, तर यंत्राचें काम झालें आणि उद्यापन करण्यास हरकत नाहीं. न पडले, तर मधल्या काळांत चालत कोण होतें, याचा विचार शांतपणें करावा. त्या महिन्यांत एखादे रात्रीं आई बोलूं लागली, तर तिच्याजवळ बसून तें ऐकतांहि येईल.